व्हिसा पाच वर्षांचा आहे, मग एक विषय सोडला तर काय होतंय?

वाचकाचं पत्र, ओळख लपवून आणि थोडक्यात: निपाणी भागातल्या एका खेड्यातला मुलगा. बेळगावात इंजिनिअरिंग झालं, आता अमेरिकेत एमएस करतोय, दुसरं सेमिस्टर चालू आहे. तीन विषय घेतलेत, नऊ क्रेडिट. त्यातल्या एका विषयात मिडटर्मला १०० पैकी ३१ पडलेत, त्या विषयाला लागणारा आधीचा एक विषय त्याचा इथे झालेलाच नाही. तो लिहितो, "मॅडम, रात्रभर झोप लागंना झालीय, जेवण जाईना झालंय. रूममेट म्हणतोय ड्रॉप कर, पुढच्या वेळेला घे, व्हिसा पाच वर्षांचा स्टॅम्प झालाय तर कोण विचारतंय. त्याच्याच ओळखीनं एका दुकानात शनिवार-रविवार काउंटरला उभारायचं काम मिळालंय, रोख पैसे, पुढच्या आठवड्यापासून. घर बँकेत तारण आहे, ऊस जाऊन तीन महिने झाले तरी बिल आलेलं नाही. इंटरनॅशनल ऑफिसला सांगितलं तर तेच मला काढून टाकतील असं वाटतंय. घरी काहीच बोललेलो नाही." विषय सोडायची शेवटची तारीख येत्या शुक्रवारी आहे.

अरे, सगळ्यात आधी एक कर. पोर्टलवरच्या त्या ड्रॉपच्या बटणाला अजून हात लावू नकोस, आणि दुकानवाल्याला 'आत्ता जमत नाही' एवढा मेसेज टाक. बाकीचं उत्तर निवांत वाचलंस तरी चालेल, पण या दोन गोष्टी आजच्या आज.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. तू आळशी आहेस किंवा चुकार आहेस असं मला कुठेच वाटलं नाही. वाटलं ते हे की इथून जाताना आपल्या कॉलेजच्या सवयी तू बॅगेत घालून नेल्यास. मी बरीच वर्षं बेळगावात इंजिनिअरिंगच्या पोरांना शिकवलंय, व्हीटीयूची, म्हणजे आपल्या इंजिनिअरिंग विद्यापीठाची परीक्षा म्हटली की पोरांचं कसं चालतं ते मला माहीत आहे, एखादा विषय जड गेला की 'राहू दे बॅक, पुढच्या सेमला काढू', मग फी भरायची, फॉर्म भरायचा, निघतो कधीतरी. चार बॅक असलेला पोरगासुद्धा कॉलेजचाच असतो, बसचा पास चालू असतो आणि घरात कोणाला पत्ता नसतो. तू तेच गणित तिकडे मांडतोयस. पण तिकडे विषय सोडला की नुसता अभ्यास मागे पडत नाही, तुझ्या तिथे राहण्याच्या परवानगीलाच धक्का लागतो. रूममेटला हे माहीत नसावं, किंवा त्याचं आत्तापर्यंत निभावलं असेल, पण त्याचं निभावलं म्हणून तुझं निभावेल असं कोणी सांगितलंय?

आता तो पाच वर्षांचा स्टॅम्प. २०२१ साली कोगनोळी नाक्यावर आरटीपीसीआरचा निगेटिव्ह रिपोर्ट दाखवल्याशिवाय कर्नाटकात सोडत नव्हते, आठवतंय ना? तुम्हा निपाणीवाल्यांना तर कोल्हापूरला जाऊन यायचं म्हणजे डोक्याला ताप होता. रिपोर्ट दाखवला, आत आलास, त्या कागदाचं काम तिथं संपलं. आत आल्यावर मास्क, कर्फ्यू, दुकानांच्या वेळा हे सगळे नियम वेगळे, आणि ते मोडल्यावर 'माझ्याकडे रिपोर्ट आहे की' म्हणून पोलिसांनी कोणाला सोडलं नसतं. पासपोर्टवरचा व्हिसा म्हणजे तो नाक्यावर दाखवायचा कागद. तिथं आत गेल्यावर तू नियमात राहतोयस की नाही, त्याला म्हणतात स्टेटस, आणि ते सेमिस्टरगणिक सांभाळावं लागतं. व्हिसा पाच वर्षांचा असूनही स्टेटस एका शुक्रवारी जाऊ शकतं. उलटही खरं आहे, स्टेटस चांगलं असेल आणि तू अमेरिकेतच असताना व्हिसाची तारीख उलटली तर लगेच काही बिघडत नाही, बाहेर जाऊन परत यायचं झालं तरच नवा लागतो.

तुझा आय-२०, म्हणजे व्हिसासाठी कॉलेजने दिलेला प्रवेशाचा कागद, काढ बघू. फोनमधला फोटो नको, कागद काढ. पहिल्या पानावर वरती एन या अक्षराने सुरू होणारा लांबलचक नंबर दिसेल, तो तुझा सेविस नंबर. सेविस म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांचं सरकारी कॉम्प्युटरवरचं रेकॉर्ड, तुझी खरी जन्मपत्रिका आता तिकडे आहे. खाली कोर्स संपायची तारीख, आणि अगदी तळाला तुझी सही. ती सही कुठे केलीस ते आठव. माझ्याकडे आलेल्या कितीतरी पोरांनी झेरॉक्सच्या दुकानाबाहेर बाइकच्या सीटवर कागद ठेवून सही केलेली असते, तिसऱ्या पानावर बारीक अक्षरात काय लिहिलंय ते कोणीच वाचलेलं नसतं. त्या सहीने तू सगळे नियम मान्य केलेयस. आज रात्री ते तिसरं पान डिक्शनरी घेऊन वाच, अर्ध्या तासाचं काम आहे.

नियम असा की एफ-१ वाल्याने, म्हणजे तुझ्यासारख्या विद्यार्थी व्हिसावाल्याने, दर सेमिस्टरला फुल कोर्स लोड घ्यायचा. बॅचलर डिग्रीच्या पोरांना निदान १२ क्रेडिट, एमएसवाल्यांचा आकडा कॉलेज ठरवतं, बहुतेक ठिकाणी तो ९ असतो. म्हणजे तुझ्याकडे जादाचा एकही विषय नाहीये, एक सोडलास की तू खाली आलास. आणि ऑनलाइन विषय घेऊन भरून काढीन म्हणशील तर एका सेमिस्टरला असा एकच विषय, तीन क्रेडिटपर्यंत, या हिशेबात धरतात. शेवटचं सेमिस्टर असेल आणि एखादाच विषय राहिला असेल तर तेवढाच घेऊन चालतं, पण त्यासाठीसुद्धा आधी ऑफिसकडून तशी नोंद करून घ्यावी लागते.

माझ्या ओळखीतली एक मुलगी होती, वडगावच्या विणकर घरातली, हुशार, तिने असंच एका शुक्रवारी रात्री साडेअकराला विषय ड्रॉप केला. मला नंतर तिने स्क्रीनशॉट पाठवला होता, एक छोटं बटण, त्याच्या खाली 'नक्की का' असं विचारणारी ओळ, बस्स. सोमवारी ती ऑफिसात सांगायला गेली आणि तिथली बाई म्हणाली, तू शुक्रवारी दुपारी आली असतीस तर मी परवानगी देऊ शकले असते. तेच कारण, तीच मुलगी, मधे फक्त शनिवार-रविवार. रेकॉर्ड बंद झालं. मग आय-५३९ फॉर्म भरून स्टेटस परत मागायचा अर्ज, वकिलाची फी, आणि महिनोन्महिने वाट बघणं, त्या काळात कॅम्पसवरचं लायब्ररीतलं कामसुद्धा बंद कारण अर्ज पेंडिंग असताना काम करता येत नाही. तिची आई मला फोन करायची तेव्हा मागे मागाचा खटखटाट ऐकू यायचा, ती एवढंच विचारायची की आमच्या पोरीनं केलंय तरी काय. शेवटी मिळालं तिला, पण अख्खं वर्ष करपलं.

म्हणून डीएसओ. हा शब्द तुझ्या पत्रात नाहीये, तू नुसतं 'इंटरनॅशनल ऑफिस' लिहिलंयस आणि तेही भीतीने. डीएसओ म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांचं हे रेकॉर्ड सांभाळायला कॉलेजने नेमलेला माणूस. आपल्याकडे ऑफिस म्हटलं की पोटात गोळा येतो हे मला कळतं. तालुक्याला उतारा काढायला जावं तर कागद कानडीत, आपलंच नाव त्यात ओळखू येत नाही, एकाच गावाचं बेळगाव, बेलगाम आणि बेळगावी असं तीन कागदांवर तीन तऱ्हेने लिहिलेलं, मग ॲफिडेव्हिट कर, परत ये, उद्या ये. त्यामुळे विचारायला गेलं की काम वाढतं, गप बसलेलं बरं, ही सवय सीमाभागातल्या माणसाच्या अंगात मुरलेली आहे आणि मी तिला नावं ठेवणार नाही, आपण ती भोगून शिकलोय. पण ती सवय तिकडे तुझा घात करेल. तिकडे करायच्या आधी विचारलंस तर त्या माणसाच्या हातात बरंच काही असतं. केल्यावर सांगितलंस तर त्याच्या हातात फार थोडं उरतं, कारण फुल लोड मोडला की ते सरकारला कळवणं हे त्याचंच कायद्याने काम आहे, २१ दिवसांच्या आत.

मग त्याच्याकडे जाऊन मागायचं काय? परवानगी घेऊन कमी विषय घ्यायची सोय आहे, तिला रिड्यूस्ड कोर्स लोड म्हणतात. अभ्यासाच्या कारणाने द्यायची झाली तर ठरावीक कारणं आहेत: सुरुवातीला इंग्रजी किंवा वाचन झेपत नाही, तिकडच्या शिकवण्याच्या पद्धतीची सवय नाही, किंवा चुकीच्या लेव्हलच्या विषयात नाव घातलं गेलं. तुझं पत्र वाचून मला हे शेवटचं कारण लागू पडेल असं वाटतं, कारण तूच लिहिलंयस की त्या विषयाला लागणारा आधीचा एक विषय तुझा इथे झालेलाच नाहीये. प्रोफेसरशी बोल, ॲडव्हायझरशी बोल, त्यांचं तसं दोन ओळींचं लेखी मिळालं तर डीएसओला ठरवायला सोपं जातं. पण ही सवलत एका डिग्रीत एकदाच मिळते, तरी निदान अर्धा लोड घ्यावाच लागतो आणि पुढच्या सेमला परत फुल. त्यामुळे ती आत्ता वापरायची की याहून कठीण वेळेसाठी ठेवायची, हा विचार कर. तब्येतीचं कारण वेगळं, त्याला डॉक्टरचं पत्र लागतं आणि एकूण १२ महिन्यांपर्यंत मिळू शकतं. आणि तू लिहितोस रात्र रात्र झोप नाही, जेवण जात नाही, तर कॉलेजच्या हेल्थ सेंटरला जा रे, त्यात लाज कसली, आधी तब्येतीसाठी जा, कागदाचं नंतर बघू.

एक शंका मात्र मला विचारायची आहे. तुला विषय सोडायचाच आहे की ३१ मार्कांची लाज वाटतेय? कारण मिडटर्म म्हणजे अख्खा विषय नव्हे, असाइनमेंट आहेत, फायनल आहे. प्रोफेसर ऑफिस अवर्सला बसतात ते तुमच्यासाठीच बसतात, आणि आपली पोरं तिकडे फिरकत नाहीत कारण इथे सरांच्या केबिनमध्ये फक्त बोलावणं आल्यावरच जायचं असतं. समजा रडतखडत सी ग्रेड मिळाली, तर कॉलेजच्या सरासरीचा, म्हणजे जीपीएचा प्रश्न येईल, बऱ्याच ठिकाणी एमएसला ३.० टिकवावा लागतो, तो पुढच्या सेमला उचलता येतो. पण नऊ क्रेडिट पूर्ण असल्याने स्टेटसला खरचटत नाही. तुझ्या जागी मी असते तर आधी हा रस्ता तपासला असता.

आता दुकान. इथे मी गोड बोलणार नाही. एफ-१ वर कॅम्पसमध्ये काम करता येतं, कॉलेज चालू असताना आठवड्याला २० तास, सुट्टीत जास्त. बाहेर परवानगीशिवाय एक तासही नाही. रोख असो, दोस्ताच्या नावाच्या डिलिव्हरी ॲपवर असो, 'पगार नको, नुसती मदत करतो' म्हणून एरवी पगारी असलेलं काम फुकट करणं असो, सगळं त्यातच मोजलं जातं. आणि बाकीच्या चुकांना थोडीफार दया आहे, याला जवळजवळ नाही. स्टेटस गेल्यावर परत मागायचा तो अर्ज पाच महिन्यांच्या आत करायचा असतो आणि त्यात एक अट अशी की परवानगीशिवाय काम केलेलं नसावं. म्हणजे विषय सोडायची चूक एक वेळ सावरता येईल, पण सोबत काउंटरला उभारलेला असशील तर सावरायचा रस्ताही बंद. हिशेब पैशातच मांडायचा तर डिग्रीनंतर ओपीटीचे १२ महिने आणि तुझ्यासारख्या इंजिनिअरिंगवाल्याला वर आणखी २४ महिने काम करायची सोय असते, तुमच्या घराचं कर्ज त्या तीन वर्षांत फिटणार आहे. ते शनिवार-रविवारच्या नोटांसाठी पणाला लावायचं?

हे वाचणाऱ्यांपैकी कोणी आधीच असं काम करून बसला असेल तर त्याच्यासाठी, आज थांब. आणि डीएसओ कितीही भला असला तरी तो तुझा वकील नाही हे लक्षात ठेव, झालेल्या कामाबद्दल कोणालाही काही बोलायच्या आधी इमिग्रेशनच्या वकिलाशी बोल, बऱ्याच युनिव्हर्सिट्यांत विद्यार्थ्यांना फुकट कायदेशीर सल्ला मिळतो, तिथे चौकशी कर. फॉर्मवर खोटं मात्र लिहायचं नाही, ते वेगळंच प्रकरण होतं. आणि 'त्या कॉलेजला ट्रान्सफर घे, क्लासला जावं लागत नाही, पहिल्या दिवसापासून काम करता येतं' असं सांगणारा कोणी भेटला तर जानेवारी २०१९ आठवा. मिशिगनमध्ये एक युनिव्हर्सिटी होती, वर्ग नाहीत, शिक्षक नाहीत, ती अमेरिकन सरकारनेच जाळं म्हणून उघडलेली निघाली आणि शंभराहून जास्त भारतीय पोरं पकडली गेली.

'कोण बघतंय' याचं उत्तर तर सरळ आहे. २७ मे २०२५ ला भारतातल्या अमेरिकन दूतावासाने जाहीर सांगितलं की कॉलेजला न कळवता वर्ग बुडवले किंवा कोर्स सोडला तर व्हिसा रद्द होऊ शकतो आणि पुढच्या व्हिशांनाही अडचण येऊ शकते. त्याच्या आधी मार्च-एप्रिलमध्ये हजारो पोरांची सेविस रेकॉर्डं अचानक बंद केली गेली, कोर्टकचेऱ्या झाल्या, एप्रिलअखेर सरकारला ती परत सुरू करायला लागली. त्यात काहींची तर चूक नावालाच होती. हे तुला घाबरवायला सांगत नाही, आपले कागद चोख असले तर निदान भांडायला जागा राहते म्हणून सांगतेय. २०२५ च्या ऑगस्टमध्ये राहण्याची मुदतच ठरवून द्यायचा प्रस्तावही आला होता, नियम असे हलत राहतात, तेव्हा रूममेटचं, व्हॉट्सॲपचं आणि माझंसुद्धा शेवटचं धरू नकोस, डीएसओकडून ईमेलवर लेखी घे आणि ते ईमेल जपून ठेव.

बारीकसारीक गोष्टी पटकन सांगते, सगळ्यांच्याच कामाच्या. खोली बदलली तर १० दिवसांत कॉलेजला कळवायचं. सेमिस्टर वाढणार असेल तर आय-२० वरची तारीख संपायच्या आत मुदतवाढ मागायची, तू कमी लोड घेतलास तर तुला हे लागेलच. मे महिन्यात किंवा गणपतीला घरी यायचं असेल तर दुसऱ्या पानावर डीएसओची प्रवासाची सही ताजी आहे का बघायची, ती साधारण वर्षभर चालते. आणि आय-९४, म्हणजे अमेरिकेत शिरल्याच्या नोंदीचा कागद, सरकारी साइटवर फुकट निघतो, त्यात आपलं नाव आणि एफ-१ बरोबर पडलंय का हे प्रत्येक वेळी परत गेल्यावर तपासायचं.

पैशाचं काय, हा तुझा खरा प्रश्न आहे, हे मी विसरलेले नाही. कॅम्पसवर मेसमध्ये, लायब्ररीत, पेपर तपासायला मदतनीस म्हणून जागा निघतात, एका अर्जाने मिळत नाहीत, वीस ठिकाणी विचार. फी हप्त्याने घ्याल का असं अकाउंट्सला विचार, अडचणीतल्या विद्यार्थ्यांसाठी इमर्जन्सी फंड असतो का ते विचार. आणि एक गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते: एक पूर्ण शैक्षणिक वर्ष झाल्यावर, अचानक आणि आपल्या हाताबाहेरच्या कारणाने घरची आर्थिक स्थिती बिघडली असेल, तर बाहेर काम करायची परवानगी सरकारकडे रीतसर मागता येते, डीएसओमार्फत. तुझं वर्ष अजून व्हायचंय, पण कागद आत्तापासून जमव. कायद्याने उसाचं बिल १४ दिवसांत मिळायला पाहिजे, तीन महिने झाले, तर बाबांकडून ऊस गेल्याच्या पावत्या आणि बँकेचं पासबुक मागवून ठेव. मिळेलच असं नाही, पण मागायला काय जातंय.

त्यासाठी घरी सांगावं लागेल, आणि तू नेमका तिथेच अडलायस. बाबांना धक्का बसेल असं तुला वाटतं. अरे, ज्या माणसाने तोड मिळायची वाट बघत उभा ऊस वाळताना बघितलाय आणि बिलासाठी कारखान्यावर हेलपाटे घातलेत त्याला 'एक विषय जड गेलाय, कदाचित एक सेमिस्टर वाढेल' हे कळतं. त्याला न झेपणारी गोष्ट म्हणजे सगळं संपल्यावर दुसऱ्याच्या तोंडून ऐकायला लागणं. फक्त आधी डीएसओला भेट, खर्चाचा आकडा काढ, मग बोल, म्हणजे त्यांना तुझ्या रडण्यासोबत काहीतरी हातात धरायला मिळेल.

ईमेल आत्ता लिही. 'मी अमुक विषयात अडचणीत आहे, शुक्रवारच्या आत ड्रॉप करायचा विचार आहे, पण तुम्हाला विचारल्याशिवाय काही करणार नाही, मला उद्या-परवा भेटता येईल का', एवढंच, त्यांच्या इंग्रजीत. उत्तर दिवसभरात नाही आलं तर सरळ जाऊन दारात बस.

आणि बाबांना फोन आपल्याकडच्या रात्री करू नकोस, थ्री-फेज लाइट रात्रीची असली तर ते पाणी पाजायला शेतात गेलेले असतील, मोटार चालू असली की ऐकूही येत नाही. सकाळी साडेसहा-सातला कर, चहाला बसलेले असतात तेव्हा. आईलाही फोन स्पीकरवर घ्यायला सांग.